वेबसाइटवर आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून: लहान दुकानदारांसाठी पायरी-पायरीने

२०२५ च्या जूनमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली आणि पुढचे काही दिवस देशभर कोल्हापुरीचाच विषय होता. आमचं कोल्हापुरात चपलांचं छोटं दुकान आहे. त्या आठवड्यात आमच्या वेबसाइटवर एरवी दोन महिन्यांत येत नाहीत इतके लोक येऊन गेले. ऑर्डरी आल्या चार.

त्याच दिवसांत दुकानात आप्पांच्या पुढ्यात बसलेल्या दहा गिऱ्हाइकांतले सहा-सात जण जोड घेऊनच उठत होते. चप्पल तीच, किंमत तीच, बनवणारे हातही तेच. मग साइटवरून लोक परत का जात होते?

याचं उत्तर शोधायला मला वर्ष लागलं. मधल्या काळात पैसे गेले, एकदा तर साइटच बंद पडली. तुम्ही मसाले विकत असाल, पैठणी विकत असाल, होमस्टे चालवत असाल किंवा शिकवण्या घेत असाल, तरी पुढच्या बहुतेक पायऱ्या तुमच्याही कामाच्या आहेत. उदाहरणं मात्र चपलेचीच देते, कारण मला तेच नीट माहीत आहे.

१. आधी वही घ्या, डिझायनर नंतर

वेबसाइटचा विचार डोक्यात आला की आपण थेट विचारतो, "किती पानांची करायची? किती खर्च येईल?" तिथेच चुकतं. पहिले पंधरा दिवस फक्त गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहा. फोनवर विचारलेलंही लिहा, व्हॉट्सअॅपवर विचारलेलंही.

माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात हे सहा प्रश्न पुन्हा पुन्हा आले:

- खरं लेदर आहे ना?
- मी बुटात आठ नंबर घालतो, ही कितीची लागेल?
- चावत नाही ना?
- पावसात चालेल का?
- करकर वाजणारी आहे का?
- शेवटची किंमत किती?

प्रश्नांबरोबर गिऱ्हाईक हाताने काय करतं तेही बघा. चपलेचं गिऱ्हाईक जोड उलटा करून तळ बघतं, वाकवून बघतं, पट्टा ओढून शिलाई तपासतं, बरेच जण वासही घेतात. एवढं झाल्यावर मग पायात घालतात. दुकानात आप्पा गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच जोड उलटा करून हातात देतात. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांना कळतं की आता याला तळ बघायचा आहे.

आमच्या जुन्या वेबसाइटवर यातलं एकही उत्तर नव्हतं. वर सरकणारी मोठी चित्रं, "आपले सहर्ष स्वागत आहे", घराण्याच्या इतिहासाचे तीन परिच्छेद आणि किमतीच्या जागी "किमतीसाठी संपर्क करा". तळाचा एकही फोटो नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलं आणि आपण त्याला चप्पल हातातच घेऊ दिली नाही, असा तो प्रकार होता.

ही वही म्हणजेच तुमच्या वेबसाइटचा आराखडा. डिझायनरला भेटाल तेव्हा रंगांच्या आधी ती पुढे ठेवा.

२. नाव घ्या, आणि चाव्या स्वतःच्या कमरेला ठेवा

वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. निवडताना एक चाचणी करा: ओळखीच्या माणसाला फोन करून नाव सांगा आणि त्याला इंग्रजी अक्षरांत टाइप करायला लावा. मला "पायताण" हे नाव फार आवडलं होतं. तिघांनी ते तीन वेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलं आणि मी ते सोडून दिलं. नाव छोटं हवं, ऐकून लिहिता येईल असं हवं, मधे आडवी रेघ नको, आकडा नको. भारतात विकायचं असेल तर डॉट इन चांगलं चालतं.

आता सगळ्यात मोठा सापळा. आमची पहिली साइट ज्याने केली त्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने घेतलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, सगळं तोच बघत होता. पुढे त्याने तो व्यवसाय सोडला, फोन उचलणं बंद झालं, डोमेनचं वर्ष संपलं आणि ऐन लग्नसराईत साइट दिसेनाशी झाली. छापलेल्या सगळ्या पिशव्यांवर तेच नाव होतं. ते परत मिळवायला अडीच महिने गेले.

म्हणून या पाच गोष्टी तुमच्याच नावाने, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच कार्डाने घ्या: डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती इंटरनेटवरची भाड्याची जागा), दुकानाचा ईमेल, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या बँक खात्यात जमा करणाऱ्या सेवेचं) खातं आणि गूगलवरचं व्यवसायाचं खातं. डिझायनरला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येणारी दुहेरी सुरक्षा चालू करा, आणि तो मोबाइल घरातल्या माणसाचा असू द्या. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय असते, ती चालू ठेवा. पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळून जाऊ नका. दुसऱ्या वर्षाचा दर विचारा, तो बहुधा जास्त असतो.

लागणारी कागदपत्रं. ही एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा, सगळीकडे हीच मागतात:

- पॅन कार्ड आणि आधार
- व्यवसायाच्या नावाचं चालू खातं, आणि रद्द केलेला चेक
- उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र
- असेल तर दुकान परवाना आणि जीएसटी क्रमांक
- दुकानाच्या जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार
- खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा, क्रमांक

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि शासनाच्या संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत होते. सरकारी वाटावीत अशी दिसणारी बरीच खासगी पानं त्यासाठी पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का ते बघूनच पुढे जा.

जीएसटीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडावर ५ टक्के कर आहे, त्यावरच्यांवर १८ टक्के. वेबसाइट झाली की पहिल्याच महिन्यात हैदराबाद-बंगळूरहून ऑर्डर येते, आणि करपात्र माल परराज्यात पाठवायचा म्हटलं की नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, पण ती तुमच्या मालाला लागू होते का हे सीएला विचारल्याशिवाय ठरवू नका. साइट सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर नको.

३. दुकान केवढं हवं ते ठरवा

दहा-पंधराच वस्तू असतील आणि प्रत्येक ऑर्डर थोडी वेगळी असेल, तर एक पानाची साधी साइट आणि व्हॉट्सअॅपचं बटण एवढ्यावर भागतं. माप, रंग, साठा ठरलेला असेल आणि दिवसाला चार-पाच ऑर्डरी येत असतील तरच कार्ट (निवडलेला माल ठेवायची टोपली), ऑनलाइन पैसे वगैरेची पूर्ण दुकान-साइट करा. शॉपिफायसारख्या तयार दुकान-साइट देणाऱ्या सेवेला दरमहा पैसे लागतात, पण देखभालीची डोकेदुखी कमी. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर वूकॉमर्स हा दुकानाचा भाग मोफत मिळतो, पण होस्टिंग, अपडेट, बिघाड हे सगळं तुमच्या गळ्यात. तुमच्या घरात हे बघणारं कोणी नसेल तर माझा सल्ला शॉपिफायसारख्या सेवेचा आहे.

व्हॉट्सअॅपचं बटण नुसतं लावू नका. त्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. आमच्या प्रत्येक चपलेच्या बटणात तिचं नाव असतं, उदाहरणार्थ कापशी या कोल्हापुरीच्या प्रकाराच्या बटणात "मला ही कापशी हवी आहे, पायाचं माप ___ सेंमी" असं भरलेलं असतं. पूर्वी नुसतं "हाय" यायचं, मग मी विचारायचे कोणती, मग फोटो मागायचे, आणि तिसऱ्या मेसेजपर्यंत समोरचं माणूस दुसरीकडे वळलेलं असायचं.

४. मोबाइलचा पहिला पडदा

डिझायनर तुम्हाला साइट लॅपटॉपवर दाखवेल. तिथे ती सुंदरच दिसते. तुम्ही मोबाइलवरच बघा, तेही स्वस्तातल्या मोबाइलवर आणि उन्हात उभं राहून. आमच्याकडे येणारी जवळजवळ सगळीच मंडळी मोबाइलवरून येतात.

अंगठ्याने वर सरकवायच्या आधी जेवढं दिसतं, तेवढ्यात चार गोष्टी असाव्यात: काय विकता, कुठून विकता, साधारण किंमत कितीपासून, आणि पुढे जायचं एकच बटण. आमच्या पहिल्या पडद्यावर आता एका जोडाचा मोठा फोटो आहे आणि खाली एवढंच: "हाताने शिवलेली कोल्हापुरी. कोल्हापुरातूनच. १२०० रुपयांपासून. भारतभर घरपोच." खाली बटण: "जोड बघा".

सरकणारी चित्रं काढून टाका. दुसरं चित्र येईपर्यंत माणूस थांबत नाही, आणि नेमकं बटण दाबताना चित्र सरकलं तर भलतंच पान उघडतं. स्वागताचं वाक्य काढा. आल्या आल्या तोंडावर येणारी "सवलतीसाठी नंबर द्या" ही चौकटही काढा. दुकानात पाय टाकताच कोणी आपला नंबर मागितला तर आपण काय करतो ते आठवा.

घराण्याचा इतिहास मला प्रिय आहे, आजोबांचा फोटोही. तो "आमच्याबद्दल" या पानावर नीट लिहून ठेवला आहे, आणि लोक तो वाचतातही, पण जोड आवडल्यावर.

५. वस्तूचं पान: खरी विक्री इथेच होते

सगळ्यात जास्त वेळ या पानावर घालवा. मी प्रत्येक चपलेच्या पानाला दोन दिवस दिले आणि त्याचं चीज झालं.

*फोटो.* स्टुडिओची गरज नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला व्हरांड्यात सावलीतला उजेड असतो तेव्हा काढा. एका बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा म्हणजे सावली मऊ पडते. फिल्टर बंद. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा मूळ रंग फिका गव्हाळ असतो आणि तेल लागेल तसा तो गडद होत जातो. फोटोत तो केशरी दिसला की चप्पल परत येणारच. आमचे प्रत्येक जोडाचे सात फोटो ठरलेले आहेत: वरून, बाजूने जाडी दिसेल असा, तळाचा, शिलाईचा जवळून, वेणीचा जवळून, पायात घातलेला, आणि सहा महिने वापरलेल्या जोडाचा. शेवटचा फोटो टाकायला आप्पांचा विरोध होता. "जुनी चप्पल कोण दाखवतं?" म्हणाले. पण कातडं कसं मुरतं हे त्यातूनच कळतं, आणि लोक फोनवर त्याच फोटोविषयी बोलतात.

करकर आवाजाचा प्रश्न फोटोने सुटत नाही. त्यासाठी भाऊ दुकानाच्या फरशीवरून चालतोय असा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाकला, पाठीमागे संगीत नाही, फक्त पायांचा आवाज. तो लागला त्या दिवसापासून "वाजणारी आहे का" हा फोन बंद झाला.

*माप.* कपडे आणि चपला विकणाऱ्यांचं सगळं अडतं ते मापावर. बुटाचा आठ नंबर एका कंपनीत एक, दुसरीत दुसरा. नंबर विचारून पाठवलेले जोड इतके परत आले की मी नंबर विचारणंच सोडलं. आता पानावर असं लिहिलंय:

"भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा, जास्त असेल ते धरा. शक्यतो संध्याकाळी मोजा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. पंजा रुंद असेल तर बोटांच्या मुळाशी आडवं मापही कळवा."

त्याखाली सेंटिमीटरनुसार आमचे नंबर आहेत, आणि एक वाक्य ठळक: "पहिले काही दिवस चप्पल घट्ट वाटेल. कातडं पायाच्या आकाराने सैल होतं, म्हणून मोठा नंबर घेऊ नका." हे वाक्य आप्पा दुकानात रोज म्हणतात. ते साइटवर लिहायचं मला सुचायलाच चार महिने लागले.

*उणी बाजू.* सुरुवातीला पावसाचा विषय मी पानावर टाळला, विक्री कमी होईल या भीतीने. जुलैमध्ये भिजलेल्या चपलांच्या तक्रारी रांगेने आल्या. आता स्पष्ट लिहिलंय: "पावसात वापरू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. वाळल्यावर तेलाचा हात फिरवा." विक्री कमी झाली नाही. उलट जून ते सप्टेंबरमध्ये लोक विचारून, दिवाळीसाठी म्हणून आगाऊ सांगून ठेवतात. तुमच्या मालाची अशी जी बाजू असेल, मसाल्याचा वास महिन्याने उतरतो, होमस्टेला नेटवर्क नाही, ती आधीच सांगा.

*नावलौकिकाचे शिक्के.* कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची कायदेशीर ओळख) मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर येतात. पण आपण या जिल्ह्यात बनवतो म्हणून तो शिक्का साइटवर लावता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. हापूस, पैठणी, सोलापुरी चादर विकणाऱ्यांनाही हाच नियम. नोंदणी होईपर्यंत जागेचं नाव आणि बनवण्याची पद्धत सविस्तर लिहा. शिक्का लावू नका.

६. किंमत आणि पाठवणीचा खर्च आधीच सांगा

"किमतीसाठी संपर्क करा" हे वाक्य पुसा. किंमत नाही म्हणजे महाग असणार, असं धरून लोक निघून जातात. स्पर्धक बघतील ही भीती असते, पण ते दुकानात माणूस पाठवूनही बघतात.

पाठवणीचा खर्च पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर अचानक दाखवू नका. माझ्या साइटवर कार्ट भरून ती सोडून जाणाऱ्या लोकांपैकी बहुतेक तिथेच थांबत होते. आम्ही खर्च किमतीतच धरला आणि "घरपोच खर्चासह" असं लिहिलं.

हा खर्च काढताना एक खाच आहे. बहुतेक कुरियर वजन दोन प्रकारे धरतात: काट्यावरचं, आणि खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची, येईल ते किलो. दोन्हींत जास्त असेल त्याचे पैसे लागतात. आमचं जुनं खोकं ३३ × २२ × १२ चं होतं, म्हणजे १.७४ किलो, आणि आतला जोड किलोच्याही खाली. तळाला तळ लावून जोड ठेवला तर ३१ × १४ × ११ चं खोकं पुरतं, ते भरतं ०.९५ किलो. खोकं बदलल्याने कुरियरच्या दराचा वजनाचा टप्पा खाली आला आणि तेवढी किंमत आम्हाला कमी करता आली. तुमचं खोकं आजच मोजून बघा.

७. पैसे घेणं

पेमेंट गेटवे खातं चालू करायच्या आधी तुमची साइट तपासतात. त्यावर संपर्क, नियम-अटी, गोपनीयता, परतावा आणि पाठवणी ही पाच पानं नसतील तर अर्ज परत येतो. माझा दोनदा आला. कार्डांवर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी जातो. यूपीआयवर व्यापाऱ्याला लागणारं मूळ शुल्क शून्य आहे, तरी काही गेटवे स्वतःची वेगळी फी लावतात. करार करताना हे विचारून घ्या, आणि पैसे खात्यात किती दिवसांनी येतात हेही.

फॉर्म लहान ठेवा. नाव, मोबाइल, पत्ता, जवळची खूण, पिनकोड. बस. खातं उघडायची, पासवर्ड ठेवायची सक्ती नको. जवळची खूण मात्र नक्की मागा. लहान गावांत "मारुतीच्या देवळामागे" एवढ्यावरच पार्सल पोचतं.

कॅश ऑन डिलिव्हरीत लहान दुकानदार सगळ्यात जास्त भाजतो. माणूस घरी नसतो किंवा मन बदलतं, पार्सल परत येतं, आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आपल्या बोकांडी. ती सोय पूर्ण बंद केली तर नवीन गिऱ्हाईक बिचकतं. आम्ही मधला रस्ता काढला: २०० रुपये आगाऊ यूपीआयने, बाकी दारात. शिवाय पाठवण्याआधी एक फोन. परत येणारी पार्सलं त्यानंतर क्वचितच दिसतात.

८. भरवसा

अनोळखी साइटवर पैसे भरताना कोणालाही एकच भीती असते: फसलो तर कोणाला धरायचं? म्हणून दुकानाचा पूर्ण पत्ता, नकाशावरची जागा, दुकानाच्या दारातला फोटो आणि उचलला जाणारा फोन नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी द्या. गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते. तिथली परीक्षणं खऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेली असू द्या, नातेवाइकांकडून लिहून घेऊ नका.

यातलं बरंचसं कायद्यानेही बंधनकारक आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने व्यवसायाचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साइटवर द्यायचा असतो. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. घरच्या धंद्यात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच, नाव लिहून टाका.

कोणी डिझायनर "फक्त २ जोड शिल्लक", "१० मिनिटांत सवलत संपेल" असे खोटे घड्याळ-काटे लावायला सांगेल. लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा १३ प्रकारच्या फसव्या युक्त्यांवर बंदी घातली आहे. खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये वस्तू घालणं, शेवटी लपवलेला खर्च काढणं, हे सगळं त्यात येतं. कायदा नसता तरी मी लावलं नसतं. परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर आमचं दुकान चालतं.

परतावा नियम वकिली भाषेत लिहू नका. आमचा एवढाच: "माप चुकलं तर सात दिवसांत, न वापरलेला जोड बदलून देऊ. बदलीचं एका वेळचं भाडं आमच्याकडे."

९. वेग आणि अक्षरं

मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला की गावाकडे पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करा, वेबपी प्रकारात साठवा, दीडशे केबीच्या आत आणा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे मोफत साधन आहे. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला पाहिजे हा त्यातला आकडा धरून चाला.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मोबाइलवर सारखी दिसणारी अक्षरं देणाऱ्या पद्धतीतच, हवा. छपाईवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर दुसऱ्याच्या मोबाइलवर नुसती चिन्हं उमटतात आणि गूगलला तो सापडतही नाही. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत फॉन्ट जोडाक्षरं नीट दाखवतात. आणि मजकूर चित्रात बसवू नका. किंमत चित्रात असेल तर बदलताना पुन्हा डिझायनरला फोन.

१०. मागे उभे राहून बघा

साइट तयार झाली की घरचे सगळे "छान" म्हणतील. त्याचा उपयोग नाही. तुमचा धंदा माहीत नसलेली तीन माणसं शोधा, मोबाइल हातात द्या आणि म्हणा, "यावरून स्वतःसाठी एक जोड घ्या, पैसे भरायच्या पानापर्यंत जा." मग मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. हेच सगळ्यात अवघड आहे.

माझ्या शेजारच्या काकूंनी तळाचा फोटो मोठा करायला त्यावर चार वेळा बोट दाबलं, तो मोठाच होत नव्हता. कॉलेजातल्या एका मुलाला मापाची सूचना दिसलीच नाही, कारण ती बटणाच्या खाली होती. आम्ही ती बटणाच्या वर घेतली. तिसरी बाई पिनकोडपाशी अडखळली: पिनकोड टाकल्यावर गाव आपोआप येत होतं, पण चुकीचं. या तीन दुरुस्त्यांना मिळून एक दिवस लागला, आणि त्यानंतरच्या महिन्यात ऑर्डरी मला मोजता येण्याइतक्या वाढल्या.

पुढे महिन्यातून एकदा दोनच गोष्टी बघा. गूगल सर्च कन्सोल या साधनात लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्याकडे येतात, आणि तुमच्या साइटच्या नोंदींत कार्ट भरून कोणत्या पडद्यावरून परत जातात. बाकीचे आलेख बघत बसलात तर दिवस जातो.

जोड पोचल्यावर चौथ्या दिवशी मी प्रत्येकाला एकच मेसेज करते: "बसली का? चावत नाही ना?" मागच्या महिन्यात नागपूरच्या एका ताईंनी उत्तर दिलं की डाव्या पायाचा पट्टा करंगळीपाशी रुततोय. आप्पांनी सांगितलं तसं त्यांना कळवलं: त्या जागी आतून तेलाचं बोट फिरवा आणि रात्रभर पट्ट्याखाली वर्तमानपत्राचा बोळा ठेवा. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, चप्पल पायात होती. तो उपाय त्याच संध्याकाळी मी "चावत नाही ना?" या प्रश्नाखाली साइटवर चढवला.